३.५ ते ३० मेगाहर्ट्झचा पॉवर ॲम्प्लिफायर १.८ ते ५४ मेगाहर्ट्झपर्यंत कसा न्यावा

हाताशी असलेला हौशी रेडिओचा ॲम्प्लिफायर, म्हणजे ट्रान्समीटरची शक्ती वाढवणारे यंत्र, ३.५ ते ३० मेगाहर्ट्झवर व्यवस्थित चालत असेल आणि त्याला खाली १६० मीटर (१.८ मेगाहर्ट्झ) व वर ६ मीटरच्या (५० ते ५४ मेगाहर्ट्झ) पट्ट्यावर न्यायचे ठरले, की बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो ट्रान्झिस्टर बदलण्याचा. हा विचार बहुधा चुकीच्या जागी सुरू होतो. एमआरएफ३०० हा एलडीमॉस (रेडिओशक्तीसाठीच्या मॉसफेट जातीचा) ट्रान्झिस्टर मुळातच १.८ ते २५० मेगाहर्ट्झसाठी बनवलेला आहे, त्यामुळे ५० मेगाहर्ट्झ त्याला जड जात नाही. अडते ते त्याच्या भोवतीच्या तांब्या-फेराइटच्या संसारात: आउटपुट ट्रान्सफॉर्मर, ड्रेनचा (ट्रान्झिस्टरच्या आउटपुटच्या पायाचा) चोक, म्हणजे डीसी जाऊ देऊन रेडिओ वारंवारतेचा प्रवाह (आरएफ) अडवणारी कॉइल, डीसी अडवणारे कपॅसिटर, रिले आणि फिल्टर यांत. शिवाय खालचे टोक ज्या कारणाने अडते, त्याच्या अगदी उलट कारणाने वरचे टोक अडते. म्हणून ही दोन वेगळी कामे आहेत असे समजून ती एकामागून एक करावीत. आधी खालचे टोक पुरे करावे आणि मगच वरच्याला हात घालावा.

या लेखात डोळ्यांसमोर ठेवलेला ॲम्प्लिफायर असा आहे: एक एमआरएफ३००एएन आणि एक एमआरएफ३००बीएन अशी पुश-पुल जोडी (दोघे लहरीचा अर्धा अर्धा भाग आलटून पालटून हाताळतात), ५० व्होल्टचा पुरवठा आणि ४०० वॅट आउटपुट. एएन आणि बीएन यांच्या पायांची मांडणी एकमेकांच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखी असल्यामुळे बोर्डाची दोन्ही अंगे सारखी राखता येतात. दोघांचा सोर्स (जमिनीला जोडायचा पाय) मागच्या धातूच्या पाठीलाच जोडलेला असल्याने मायका न लावता ते थेट तांब्याच्या पट्टीवर बसवता येतात. आपल्या परवान्यात कोणते पट्टे आणि किती शक्ती मान्य आहे, हे काम सुरू करण्यापूर्वी पाहून घ्यावे. ॲम्प्लिफायर जास्त देऊ शकतो म्हणून जास्त सोडण्याची मुभा मिळत नाही.

मोजमापाची तयारी

सुरुवातीचे बहुतेक काम वीज न देताच करायचे असते आणि त्यासाठी नॅनोव्हीएनए हा छोटा नेटवर्क ॲनालायझर पुरेसा होतो. त्याच्या जोडीला टायनीएसएसारखा छोटा स्पेक्ट्रम ॲनालायझर, ५० ओहमचा भरवशाचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, शक्ती जिरवणारा रेझिस्टर) आणि ६० डेसिबलचा ॲटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा) किंवा सॅम्पलर लागतो. ४०० वॅट म्हणजे ५६ डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेतले डेसिबल). त्यातून ६० डेसिबल वजा केले की उणे ४ डीबीएम उरतात आणि उपकरण सुरक्षित राहते. ॲम्प्लिफायरच्या आउटपुटला नॅनोव्हीएनए थेट लावून वीज चालू करण्याची चूक आयुष्यात एकदाच होते, कारण दुसऱ्यांदा करायला नॅनोव्हीएनए शिल्लक राहत नाही.

आणखी एक साधे साधन स्वतः बनवून ठेवावे. १०० ओहमचे आठ एसएमडी रेझिस्टर तांब्याच्या पत्र्याच्या दोन तुकड्यांमध्ये समांतर सोल्डर केले की साडेबारा ओहमचा, जवळजवळ इंडक्टन्स नसलेला लोड मिळतो. दोन ड्रेनच्या मध्ये ट्रान्झिस्टरऐवजी हा लोड लावून ट्रान्सफॉर्मरच्या ५० ओहमच्या बाजूने पाहिले, की ट्रान्सफॉर्मर नेमका कुठून कुठपर्यंत प्रामाणिक आहे ते पडद्यावर दिसते.

साडेबारा हा आकडा का, ते सांगतो. पुश-पुलमध्ये ड्रेन ते ड्रेन लोड काढताना पुरवठ्याच्या व्होल्टेजचा वर्ग दुप्पट करून त्याला आउटपुट शक्तीने भागतात. ५० व्होल्ट आणि ४०० वॅटला हे उत्तर नेमके १२.५ ओहम येते, म्हणजे ५० ओहमपर्यंत जाण्यासाठी १:४ चा ट्रान्सफॉर्मर पुरतो. ट्रान्झिस्टरमध्ये काही व्होल्ट खर्च होतात, ४५ व्होल्टच कामी येतात असे धरले तर शुद्ध रेषीय शक्ती ३२५ वॅटच्या आसपास राहते. एसएसबी (सिंगल साइडबँड, म्हणजे आवाजाचे प्रसारण) स्वच्छ हवा असेल तर तेवढ्यावरच समाधान मानावे, असे माझे मत आहे.

खालचे टोक: १.८ मेगाहर्ट्झ

वारंवारता निम्मी केली की त्याच व्होल्टेजसाठी कोअरमधला फ्लक्स दुप्पट होतो. खालच्या टोकाची जवळजवळ सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. हिशेब असा करावा: वाइंडिंगवरच्या आरएमएस व्होल्टेजला दहा कोटींनी गुणावे, मग ४.४४, हर्ट्झमधली वारंवारता, वेढ्यांची संख्या आणि कोअरचे चौरस सेंटिमीटरमधले छेदक्षेत्र या चौघांच्या गुणाकाराने भागावे. उत्तर गॉसमध्ये येते. ४०० वॅटला ५० ओहमवर १४१ व्होल्ट असतात. जुन्या पद्धतीच्या, तांब्याच्या नळ्या आणि दोन वेढ्यांच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये फेराइटचे एकूण क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर धरले, तर ३.५ मेगाहर्ट्झला फ्लक्स ७६ गॉस येतो आणि १.८ ला तो १४७ वर जातो. फेराइटसाठी सर्वसाधारणपणे वापरली जाणारी सुरक्षित मर्यादा १ मेगाहर्ट्झला १५० आणि ७ मेगाहर्ट्झला ५७ गॉस आहे. त्या चढणीवर ३.५ ला सुमारे ८० आणि १.८ ला सुमारे ११० गॉस बसतात. म्हणजे ८० मीटरवर (३.५ मेगाहर्ट्झ) वर्षानुवर्षे थंड राहिलेला तोच ट्रान्सफॉर्मर १६० मीटरवर मर्यादेच्या बराच पलीकडे जातो.

हे मी कागदावर शिकलो नाही. जुन्या ट्रान्सफॉर्मरवर १.८४ मेगाहर्ट्झला एसएसबीवर दोन-तीन दिवस बोललो, हात लावून पाहिले तेव्हा कोअर कोमट होता, म्हणून निर्धास्त झालो. मग एका रात्री एफटी८ ही डिजिटल संदेशपद्धत लावली. त्यात १५ सेकंदांपैकी साडेबारा सेकंदांहून अधिक काळ पूर्ण शक्ती सलग जात असते. दहाव्या-बाराव्या फेरीला ड्रेनचा प्रवाह हळूहळू चढू लागला, आउटपुट उतरू लागले आणि मी बटणाकडे हात नेईपर्यंत टच्‌कन आवाज होऊन फेराइटच्या नळीला उभी चीर गेली. कोअर ठरावीक तापमानाच्या वर गेला की त्याची पारगम्यता कोसळते, इंडक्टन्स जातो, प्रवाह वाढतो आणि तो आणखी तापतो. हे चक्र सुरू झाले की ते थांबवायला वेळ मिळत नाही. ट्रान्झिस्टर वाचले, हे माझे नशीब.

म्हणून पहिली पायरी म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदलणे. फेराइट वाढवून जुन्याच पद्धतीचा मोठा ट्रान्सफॉर्मर करता येतो. परंतु तो मोठा झाला की वरच्या टोकाला नडतो, हे पुढे येईलच. दोन्ही टोके एकाच ट्रान्सफॉर्मरने सांभाळायची असतील तर कोॲक्स केबलचा, म्हणजे ट्रान्समिशन लाइनचा, ग्वानेला पद्धतीचा १:४ ट्रान्सफॉर्मर करावा. त्याला २५ ओहमच्या दोन लाइन लागतात, कारण ५० आणि १२.५ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ २५ आहे. २५ ओहमची केबल शोधत बसण्यापेक्षा आरजी-३१६ या ५० ओहमच्या टेफ्लॉन केबलचे दोन समान तुकडे दोन्ही टोकांना समांतर जोडून एक लाइन करावी. अशा दोन लाइन, प्रत्येकी एका एफटी२४०-४३ टॉरॉइडवर (फेराइटच्या कड्यावर) चार वेढे देऊन गुंडाळाव्यात. ड्रेनकडची टोके समांतर आणि आउटपुटकडची टोके एकसर जोडावीत. इथपर्यंत दोन्ही बाजू संतुलित आहेत. त्यापुढे एक बाजू जमिनीला नेण्यासाठी १:१ बालन, म्हणजे संतुलित बाजू असंतुलित बाजूला जोडणारा ट्रान्सफॉर्मर, लागतो. तो आरजी-१४२ किंवा आरजी-४०० केबलचे चार वेढे, एकावर एक ठेवलेल्या दोन एफटी२४०-४३ कोअरवर देऊन करावा. हिशेब केला तर १.८ मेगाहर्ट्झला या तिन्ही ठिकाणी फ्लक्स ७० गॉसच्या आसपास येतो आणि बालनचा इंडक्टन्स ३५ मायक्रोहेन्री भरतो, जिथे २२ मायक्रोहेन्रीदेखील चालले असते.

दुसरी पायरी ड्रेनच्या पुरवठ्याची. प्रत्येक ड्रेनला वेगळा चोक असेल तर तो काढून टाकावा आणि दोन तारा एकत्र पिळून एका एफटी२४०-४३ वर तीन वेढे द्यावेत. तारांची जोडणी अशी हवी की दोन्ही ट्रान्झिस्टरांचा डीसी प्रवाह कोअरमध्ये एकमेकांविरुद्ध फ्लक्स निर्माण करील आणि तो शून्याजवळ राहील. आरएफला मात्र ड्रेन ते ड्रेन सहा वेढे दिसतात. जोडणी उलटी झाली तर कोअर डीसीनेच संपृक्त होतो आणि ड्रेन आरएफच्या दृष्टीने शॉर्ट होतात. वीज देण्यापूर्वी ड्रेन ते ड्रेन इंडक्टन्स मोजला की ही चूक लगेच पकडता येते: ३५ ते ४० मायक्रोहेन्री आला तर बरोबर, जवळजवळ शून्य आला तर एका तारेची टोके अदलाबदल करावीत.

तिसरी पायरी अनेकांकडून राहून जाते. ड्रेन आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यामध्ये डीसी अडवणारा कपॅसिटर १० नॅनोफॅरडचा असेल, तर ३० मेगाहर्ट्झला त्याचा रोध अर्धा ओहम असतो, पण १.८ ला तो जवळजवळ ९ ओहम होतो. साडेबारा ओहमच्या वाटेत नऊ ओहमचा अडथळा उभा करून मग शक्ती का येत नाही म्हणून ट्रान्झिस्टरला बोल लावण्यात अर्थ नाही. तिथे एकूण १०० नॅनोफॅरड हवेत. त्यातून साडेपाच अँपिअरहून अधिक आरएफ प्रवाह जाणार असल्याने एकच मोठा कपॅसिटर न घेता कमी तोट्याच्या जातीचे अनेक कपॅसिटर शेजारी शेजारी लावावेत. पुरवठ्याच्या बाजूला जमिनीकडे जाणाऱ्या बायपास कपॅसिटरांतही १ मायक्रोफॅरडची भर घालावी.

वरचे टोक: ५० ते ५४ मेगाहर्ट्झ

वर गेल्यावर फ्लक्स हा विषयच उरत नाही. तिथे शत्रू असतो तो प्रत्येक सेंटिमीटर तारेचा इंडक्टन्स. सरळ तारेचा इंडक्टन्स सेंटिमीटरला साधारण ८ ते १० नॅनोहेन्री धरतात. २० नॅनोहेन्री म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटर तार, आणि ५० मेगाहर्ट्झला तिचा रोध ६ ओहमांहून जास्त. साडेबारा ओहमच्या वाटेत तिने निम्मी जागा खाल्ली. जुन्या नळीच्या ट्रान्सफॉर्मरचा लीकेज इंडक्टन्स सहज एवढा असतो. म्हणून तो ३० पर्यंत निभावून नेतो आणि ५० ला गुडघे टेकतो. कोॲक्स ट्रान्सफॉर्मरमध्ये हा इंडक्टन्स केबलच्या कपॅसिटन्सबरोबर लाइनचाच भाग बनतो, त्यामुळे उरते ती केवळ टोकांची लांबी. ती टोके एक सेंटिमीटरच्या आत ठेवावीत, शील्डची वेणी पिळून शेपटी न करता ती पसरून सोल्डर करावी आणि ड्रेनपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत तारेऐवजी तांब्याची रुंद पट्टी वापरावी.

जोडणी झाल्यावर साडेबारा ओहमचा लोड लावून १ ते ६० मेगाहर्ट्झ पाहावे. वरच्या टोकाला एसडब्ल्यूआर (लोड किती जुळला ते सांगणारे प्रमाण; १ म्हणजे अचूक) चढत असेल तर ड्रेनच्या बाजूला, दोन पट्ट्यांच्या मध्ये थोडा कपॅसिटर लावून उरलेला इंडक्टन्स बुजवता येतो. मात्र प्रत्यक्षात प्रत्येक ट्रान्झिस्टरचा स्वतःचा आउटपुट कपॅसिटन्सही १०० पिकोफॅरडच्या आसपास असतो आणि तो हेच काम फुकट करत असतो, हे लक्षात ठेवून लोडवर मिळालेल्या मूल्यातून तो वजा करावा. १.८ ते ५४ पर्यंत एसडब्ल्यूआर १.३ च्या आत आला की पुढे जावे; १.१ च्या मागे लागून आठवडे घालवू नयेत.

आता रिलेकडे वळावे. ३० मेगाहर्ट्झपर्यंत निमूट काम करणारा साधा उघडा रिले ५० ला आडमुठेपणा करू लागतो. पेटीतल्या सॉकेटपासून रिलेपर्यंत पाच सेंटिमीटर सुटी तार असेल तर तिचे ४० नॅनोहेन्री १२ ओहमांपेक्षा जास्त रोध देतात. शक्य असेल तिथे ही तार काढून कोॲक्स टाकावी, आणि शक्य नसेल तिथे इंडक्टन्सला ५० च्या वर्गाने भागून येणारा कपॅसिटर, म्हणजे ४० नॅनोहेन्रीसाठी १६ पिकोफॅरड, निम्मा-निम्मा करून तारेच्या दोन टोकांना जमिनीकडे लावावा. ही जुनी युक्ती आहे आणि ती खरोखर चालते. ॲम्प्लिफायर बंद ठेवून बायपासमध्ये (ॲम्प्लिफायर टाळून जाणाऱ्या वाटेत) इनपुट ते आउटपुट मोजले की रिलेचा दोष एकटा वेगळा दिसतो. आधी तोच पाहावा.

इनपुटची बाजू

एलडीमॉसचा गेन (शक्ती किती पट वाढते ते) खाली फार जास्त आणि वर गेल्यावर कमी असतो. १.८ ते ५४ म्हणजे जवळजवळ पाच ऑक्टेव्ह. काहीच केले नाही तर एका टोकाला एक वॅटमध्ये ॲम्प्लिफायर किंचाळतो आणि दुसऱ्या टोकाला पाच वॅटही कमी पडतात. गेटचा (ट्रान्झिस्टरच्या इनपुटच्या पायाचा) कपॅसिटन्स ४०० पिकोफॅरडच्या घरात असल्याने १.८ ला गेट जवळजवळ उघडा दिसतो आणि ५० ला त्याचा रोध आठ ओहमांवर येतो. उपाय तीन आहेत आणि तिन्ही थोडे थोडे वापरावेत: दोन गेटच्या मध्ये १२ ते १५ ओहमचा रेझिस्टर, वाटेत एक छोटा रेझिस्टर आणि त्याला समांतर असा कपॅसिटर की जो वर गेल्यावर त्या रेझिस्टरला वळसा घालील, आणि ड्रेनपासून गेटपर्यंत रेझिस्टरचा फीडबॅक. फीडबॅकच्या रेझिस्टरला कमी लेखू नये. ड्रेनवर ४५ व्होल्टचे शिखर धरले तर १०० ओहमच्या रेझिस्टरमध्ये दहा वॅट जिरतात. म्हणून तो हीटसिंकवर बसणारा फ्लँजचा घ्यावा. अशा काही रेझिस्टरांमध्ये बेरिलियम ऑक्साइड असते, ज्याची धूळ विषारी आहे. ते कानशीने घासू नयेत, फोडू नयेत.

एकूण गेन २० डेसिबलच्या आसपास सपाट आला की ४०० वॅटसाठी ४ वॅट पुरतात. ट्रान्सीव्हर १०० वॅटचा असेल तर मध्ये १० डेसिबलचा पॅड (ॲटेन्युएटर) कायमचा बसवून टाकावा आणि ट्रान्सीव्हर ४० वॅटवर चालवावा. काही ट्रान्सीव्हर पहिल्या क्षणी ठरवलेल्यापेक्षा जास्त शक्तीचा झटका देतात. त्या झटक्यातून गेट वाचतात ते या पॅडमुळेच.

फिल्टर

नवे पट्टे म्हणजे दोन नवे लो-पास फिल्टर (ठरावीक वारंवारतेच्या वरचे अडवणारे), आणि इथे काटकसर चालत नाही. १६० मीटरसाठी २.१ मेगाहर्ट्झचा पाच घटकांचा चेबिशेव्ह फिल्टर करावा: टोकाचे कपॅसिटर सुमारे १.७ नॅनोफॅरड, मधला ३ नॅनोफॅरड आणि दोन्ही कॉइल ५.२ मायक्रोहेन्रीच्या, म्हणजे टी२००-२ या लाल कोअरवर २१ वेढे. तिसऱ्या हार्मोनिकला (मूळ वारंवारतेच्या तिप्पट) तो सुमारे ४७ डेसिबल दाबतो.

६ मीटरचा फिल्टर अधिक जबाबदारीचा आहे. ५० ते ५४ चा दुसरा हार्मोनिक १०० ते १०८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे थेट एफएम प्रसारणात पडतो. आकाशवाणी कोल्हापूर १०२.७ वर आहे, तेव्हा ५१.३५ मेगाहर्ट्झवर गळका ॲम्प्लिफायर चालवणारा माणूस अर्ध्या पेठेच्या स्वयंपाकघरात शिरतो. अमेरिकेच्या नियमांत २५ वॅटच्या वरच्या शक्तीसाठी या भागात नको असलेले उत्सर्जन ६० डेसिबल खाली असावे लागते. तेवढे ध्येय आपणही ठेवावे. ५८ मेगाहर्ट्झचा सात घटकांचा फिल्टर १०० मेगाहर्ट्झला सुमारे ४७ डेसिबल देतो आणि पुश-पुल जोडी समतोल असेल तर उरलेली भर ती घालते. कपॅसिटर अनुक्रमे ६५, ११५, ११५ आणि ६५ पिकोफॅरड. कॉइल १९५, २१६ आणि १९५ नॅनोहेन्री. तिन्ही कॉइल एकसारख्या करता येतात: २ मिलिमीटर तांब्याच्या तारेचे पाच वेढे १२ मिलिमीटरच्या ड्रिल बिटावर द्यावेत, लांबी १८ मिलिमीटर ठेवली की १९८ नॅनोहेन्री आणि १६ मिलिमीटरपर्यंत दाबली की २१६. शेजारच्या कॉइल एकमेकींना काटकोनात बसवाव्यात. ११५ पिकोफॅरडच्या प्रत्येक जागेतून पूर्ण शक्तीला साडेपाच अँपिअर वाहतात, म्हणून तिथे तीन कपॅसिटर समांतर घ्यावेत.

कॉइलला चांदीचा मुलामा द्यावा का, हा प्रश्न कोल्हापुरात हमखास निघतो, कारण चांदीच्या कामासाठी प्रसिद्ध असलेली हुपरी हाकेच्या अंतरावर आहे. माझे उत्तर असे की हौस असेल तर द्यावा. ५० मेगाहर्ट्झला प्रवाह तांब्याच्या वरच्या ९ मायक्रॉनमध्येच असतो हे खरे, पण चांदी तांब्यापेक्षा जेमतेम पाच-सहा टक्केच चांगली वाहक आहे. तोट्यात फरक दोन-तीन टक्क्यांचा पडतो. देणारच असाल तर कारागिराला एकच गोष्ट बजावून सांगावी: खाली निकेलचा थर नको. निकेल चुंबकीय असल्याने चांदीचा थर पातळ राहिला की प्रवाह त्यात अडकतो आणि मुलामा दिलेली कॉइल साध्या तांब्यापेक्षा वाईट निघते. त्यापेक्षा तोच पैसा उद्यमनगरातल्या कारखान्यात ट्रान्झिस्टरखालची तांब्याची जाड पट्टी सपाट मिलिंग करून घेण्यात घालवावा. ४०० वॅट आउटपुट आणि ६० टक्के कार्यक्षमता धरली तर २६५ वॅटहून अधिक उष्णता त्या दोन छोट्या पाठींतून बाहेर काढायची असते, आणि एप्रिलमध्ये गच्चीखालच्या खोलीत पंख्याला थंड हवा मिळत नाही.

वीज देणे

पहिल्यांदा वीज देताना पुरवठा २५ ते ३० व्होल्टवर आणि प्रवाहाची मर्यादा दोन अँपिअरवर ठेवावी. इनपुटला आणि आउटपुटला ५० ओहम लावून, काहीही ड्राइव्ह (इनपुटचा सिग्नल) न देता बायस (गेटवरचे स्थिर व्होल्टेज) हळूहळू चढवावा आणि स्पेक्ट्रम ॲनालायझरवर १०० किलोहर्ट्झपासून ३०० मेगाहर्ट्झपर्यंत पाहावे. पट्टा रुंदावताना चोक आणि कपॅसिटर मोठे केलेले असतात, त्यामुळे १ मेगाहर्ट्झच्या खाली नवा अनुनाद तयार होऊन ॲम्प्लिफायर स्वतःच गाऊ लागण्याची शक्यता वाढते. तसा एखादा दांडा दिसला तर फीडबॅक वाढवावा किंवा पुरवठ्याच्या वाटेत लहान रेझिस्टर समांतर असलेला चोक घालावा. हा टप्पा शांत गेला की मगच ५० व्होल्ट, मगच ड्राइव्ह, आणि ड्राइव्हदेखील ७ मेगाहर्ट्झला, जिथे ॲम्प्लिफायर पूर्वीपासून सरळ वागतो.

नव्या पट्ट्यांवर शक्ती चढवण्याआधी एसडब्ल्यूआर मोजणारा डायरेक्शनल कपलर तपासावा. त्याच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला १.८ ला इंडक्टन्स कमी पडला तर उत्तम लोडवरही परावर्तित शक्ती दिसते, आणि ५० ला त्याचा समतोल बिघडला तर वाईट अँटेनाही चांगली दिसते. संरक्षणाचे सर्किट याच आकड्यावर विसंबून ट्रान्झिस्टर वाचवते, तेव्हा दुसरी चूक महाग पडते. डमी लोडवर दोन्ही टोकांना परावर्तित शक्ती पुढे जाणाऱ्या शक्तीच्या एक टक्क्याखाली आली पाहिजे.

शेवटची चाचणी उष्णतेची. १.८४ मेगाहर्ट्झला डमी लोडवर निम्म्या शक्तीने १३ सेकंद चालू आणि २ सेकंद बंद असे पाच मिनिटे चालवावे, पुरवठा बंद करून प्रत्येक कोअरचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहावे, मग पूर्ण शक्तीने तेच करावे आणि नंतर ५०.३ ला. कोअर ८० अंशांवर जाऊन तिथे स्थिरावत असेल तर चालेल. पाच मिनिटांनंतरही चढतच असेल तर चालणार नाही, मग आकडा कितीही लहान असो. सुरुवातीचे आणि शेवटचे तापमान, ड्रेनचा प्रवाह, ड्राइव्ह आणि आउटपुट प्रत्येक पट्ट्यासाठी एका कार्डावर लिहून ते झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावे. जूनमध्ये पहिल्या सरींबरोबर खोलीत दमट हवा शिरली की डमी लोड लावून तेच आकडे पुन्हा घ्यावेत. रिलेचे संपर्क आणि सॉकेट खराब होऊ लागले असतील तर ते सर्वांत आधी ५० मेगाहर्ट्झच्या ओळीत दिसते.